मरळीला धोका नाही, पण आमच्या डोहात?

मंडळी, आज सकाळी एका माशासाठी शेजाऱ्यांशी वाद घातला आणि जिंकले!

कट्टा गावाजवळ आमच्या घरामागे व्हाळ, म्हणजे ओढा आहे. शेजारचे दिगंबरदादा मासे पकडायला त्याच्या डोहात ब्लिचिंग पावडर ओतायच्या बेतात होते. मी धावत जाऊन पिशवीच धरली.

"बाई, मोबायलात वाचा. मरळ जगात भरपूर आसा. तिका धोको नाय," ते म्हणाले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कोणत्या प्राण्याला किती धोका आहे, याची ती जागतिक यादी मीच मुलांना दाखवते, आणि ती खरी आहे.

"यादी जगाची आसा, दादा. आमच्या डोहाची न्हय. हयसर दोन वर्सां मरळ दिसाक नाय. आता खाली बघा."

पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका वळवळत होता आणि खाली मरळ त्यांची राखण करत होती.

दादांनी वाकून पाहिलं. मग पिशवीचं तोंड बांधत म्हणाले, "ही सगळी मेली असती. मोठी होवंदेत, मगे गळान धरतंय."

मला हे पटलं. मासे खाऊच नका, असं कुठला मालवणी माणूस म्हणेल? पण डोहात बी शिल्लक राहायलाच हवं.

तुमच्या व्हाळात मरळ शेवटची कधी दिसली? यादीत नको, पाण्यात बघून सांगा.