चतुर्थीला भरती तीन वाजता

मी कोलशेत सोडलं त्या दुपारी बाबा खाडीवरून तसेच आलेले, पायाला चिखल. बंगळुरूची बस लागली होती. "आज पंचमी. पावनेचारला पानी भरंल, मना जायला लागंल," म्हणाले आणि बस सुटायच्या आधीच निघून गेले. तेव्हा राग आला. नंतर कळलं, त्यांना माझ्यासमोर रडायचं नव्हतं.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पाचची पाऊणपट, पावणेचार. अपूर्णांक मी असे शिकलो, बाबांसोबत जाळं आवरताना. चुकलो तर ते ओरडायचे नाहीत. "जाऊन बग पानी," एवढंच. मी धावत धक्क्यावर जायचो.

गावात राहिलेल्या सगळ्यांना वाटतं, आम्ही बाहेर काहीतरी मोठं करतो. मी एका ॲपसाठी प्रश्न लिहितो. मुलांना गणित-विज्ञानाची गोडी लागावी म्हणून बरोबर उत्तराला तारा, सलग दहा आले की मुकुट, चुकलं की लाल फुली आणि भोंगा. मोठ्या हौसेने मी त्यात बाबांचा हिशोब घातला: चतुर्थीला भरती किती वाजता? उत्तर, सुमारे तीन. पण सॉफ्टवेअरला 'सुमारे' चालत नाही. टीममधल्या कोणीतरी तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं धरून तीन वाजून बारा मिनिटं केलं. रिलीज तोंडावर आलेला, मी न वाचताच ओके केलं.

तेच ॲप माझ्या पुतणीच्या, सानवीच्या शाळेत आलं. तिचे नऊ प्रश्न बरोबर होते. दहावा नेमका हा. सगळ्या वर्गात तिलाच येत होता, तिने ऐटीत तीन टाकलं. भोंगा वाजला, मुकुट गेला, पोरं हसली. घरी येऊन ती बाबांना म्हणाली, "आजा, तुझं गणित राँग आहे."

बाबा कधी स्वतःहून फोन करत नाहीत. त्या दिवशी केला. "येवढी वर्सं मी चुकीचा हिशोब करीत व्हतो का रं?"

मी तडक मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, मुलं रोज ॲप उघडतायत ना, मग बारा मिनिटांचं काय घेऊन बसलास? त्याने तक्रार यादीत टाकली. यादी कसली, अडगळीची खोलीच ती. तीन आठवडे भांडलो, तेव्हा कुठे तीन ते सव्वातीन काहीही चालेल असं झालं.

काल सानवीला व्हिडिओ कॉल करून म्हटलं, आजाला विचारून तो प्रश्न परत सोडव.

"नको काका, मी आता हिंटच बघते. आजाला नाय विचारत."

मागे बाबा बसलेले दिसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बंगळुरूत समुद्र नाही, तरी सकाळी मी कॅलेंडरात तिथी बघतो. आज अष्टमी. सहाला आमच्या धक्क्याला पाणी लागेल. माझं घर आता एवढंच उरलंय, दिवसातली एक वेळ. आणि तो प्रश्न कोणी लिहिला, हे मी अजून घरी कोणालाही सांगितलेलं नाही.