आत्याबाईंची टोपली

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही सगळ्यात आधी आठवते ती एका टोपलीची केस. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सोमवारी सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने दोघींना आत पाठवलं. एक पंचविशीची शिक्षिका आणि दुसरी तिची आत्या, नायगावच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. मुलीचे डोळे रडून सुजले होते. आत्याबाई मात्र अशा ऐटीत बसल्या, जणू माझीच चौकशी करायला आल्या होत्या.

मुलगी गोखिवऱ्याच्या एका छोट्या शाळेत बालवर्गाला शिकवायची. वर्गातल्या एका मुलाच्या आईने नवऱ्याची दारू आणि घरातली मारहाण तिला मेसेजवर विश्वासाने सांगितली होती. शनिवारी दुपारी तो सगळा मजकूर पालकांच्या ग्रुपवर पडला, आणि पाठवणारी म्हणून नाव शिक्षिकेचंच. त्या आईने मुलाला शाळेत पाठवणं बंद केलं. मुख्याध्यापिकांनी शिक्षिकेला सांगितलं, येत्या शनिवारी पालकसभा आहे, तोवर हे तू केलं नाहीस असं दाखव, नाहीतर राजीनामा घेऊन ये.

"साहेब, गेलाय माझ्याच खात्यावरून, पण मी नाही पाठवलेला," ती म्हणाली. "नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण त्या ताईंना वाटतंय की मीच त्यांना चव्हाट्यावर आणलं. ते कसं पुसू?"

खरं सांगतो, माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. स्वभाव तापट, त्यात या मोबाईल प्रकरणांचा मला तिटकारा. पासवर्ड कोणाला दिलास, कोणाशी बिनसलंय, म्हणून तिला चांगलंच फैलावर घेतलं. ती प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत राहिली. तीस वर्षांत एक गोष्ट शिकलो होतो, ती मी त्या दिवशी विसरलो. खोटं बोलणारा माणूस लगेच कोणाकडे तरी बोट दाखवतो. ही कोणाकडेच दाखवत नव्हती.

ठाण्यात सायबरचं प्रशिक्षण घेतलेली एक महिला हवालदार होती. तिला बोलावलं. तिने मोबाईल घेतला, ॲपची सेटिंग उघडली आणि मिनिटभरात म्हणाली, "साहेब, हिचं खातं आणखी एका कॉम्प्युटरवर उघडं आहे."

घरी कॉम्प्युटर नव्हता. शाळेतला महिनाभर बिघडलेला. शिक्षिका ते खातं तिथून बंद करायला बोट पुढे करते न करते, तोच हवालदाराने तिचा हात धरला. चोर अजून आत आहे, आत्ताच दार लावू नका, असं तिने बजावलं. लगेच खातं कुठे कुठे उघडं आहे त्या यादीचा फोटो काढून डायरीला नोंद केली. माझ्या मनात आलं, बाई, तुझ्या हाताखाली मी नोकरी करायला हवी होती.

मोबाईल दुसऱ्या कोणाच्या हातात गेला होता का, असं विचारलं. मुलगी म्हणाली, कधीच नाही. तेव्हा आत्याबाईंनी तोंड उघडलं. "हळदीला माझ्या टोपलीत व्हता की."

त्यांच्याकडे हळदीला गाव लोटतं. बायका एका रंगाच्या साड्या नेसून नाचतात, मग मोबाईल ठेवायचा कुठे? सगळ्यांचे मोबाईल आत्याबाईंच्या टोपलीत. आणि ज्याच्या हाती जो मोबाईल लागेल त्यावर त्याने फोटो काढावेत म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी लॉक काढून ठेवायचं. घरचं कार्य, तिथे कुलूप कशाला, हा हिशेब. महिन्यापूर्वी चुलतभावाच्या हळदीत तसंच झालं होतं.

"टोपलीतला मोबाईल मी कोनाला दिला नाय," आत्याबाई ठासून म्हणाल्या. "फक्त फोटोवाला न्यायचा, पडद्यावर फोटो लावायला. तो काय परका हाय?"

हा फोटोवाला म्हणजे शेजारच्या गास गावच्या रस्त्यावरचा स्टुडिओवाला. गावातली प्रत्येक हळद तोच करायचा. मोबाईलमधलं खातं आपल्या लॅपटॉपवर जोडायचा आणि फोटो मांडवातल्या मोठ्या पडद्यावर लावायचा. तोडायचं मात्र राहून गेलं, की राहू दिलं? नुसत्या संशयावर हात घालता येत नव्हता. त्या गर्दीत लॅपटॉपपाशी आणखी दहा जण गेले असतील.

मग आम्ही एक आमिष लावलं. मंगळवारी शिक्षिकेने आमच्यासमोर बसून आत्याबाईंना मेसेज लिहिला: 'पोलिसांचा संशय शाळेच्या व्हॅनवाल्यावर आहे, शुक्रवारी त्याला उचलणार आहेत.' हे माहीत कोणाला? आम्हा चौघांना, आणि जो चोरून वाचत असेल त्याला.

गुरुवारी फोटोवाल्याला साक्षीदार म्हणून बोलावलं. मी चहा मागवला, आरडाओरडा केला नाही. हळदीत किती माणसं होती, पडदा कुठे होता, असं गोडीत विचारत राहिलो. गडी पक्का होता. अर्धा तास त्याने काही हाती लागू दिलं नाही. शेवटी कंटाळला आणि म्हणाला, "साहेब, मला कशाला बसवून ठेवलंय? तुम्ही तर उद्या त्या व्हॅनवाल्याला उचलताय ना?"

मी कप खाली ठेवला. "कोणता व्हॅनवाला?"

"शाळेचा."

"त्या शाळेला व्हॅनच नाही."

त्याचा चेहरा उतरला. कोपऱ्यात हवालदार लिहीत होती, तिने मान वर केली आणि गालात हसली. खोटं कशाला बोलू, मला उठून टाळी द्यावीशी वाटली!

पुढे सगळं भराभर झालं. पंचांसमक्ष लॅपटॉप जप्त केला, तेव्हा तिचं खातं त्यावर उघडंच होतं. कारण ऐकून संताप आला. त्याच हळदीतला शिक्षिकेचा नाचतानाचा फोटो त्याने तिला न विचारता स्टुडिओच्या जाहिरातीत टाकला होता. तिने दुकानात जाऊन, चार गिऱ्हाइकांदेखत, तो काढायला लावला. तिच्या लेखी विषय तिथेच संपला होता, त्याने मात्र राग मनात धरला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. शुक्रवारी त्या आईची परवानगी घेऊन हवालदार तिच्या घरी गेली आणि खरं काय ते सांगून आली. शनिवारी पालकसभेत मी गणवेशात उभा राहून सांगितलं की दोष बाईंचा नाही. मुख्याध्यापिकांनी सर्वांदेखत माफी मागितली. मागच्या रांगेत ती आई बसली होती. ती उठली, मुलाला पुढे घेऊन आली आणि शिक्षिकेच्या हातात त्याचा हात दिला. त्या दिवसाएवढ्या ताठ मानेने मी बक्षीस घेतानाही चाललो नसेन.

या केसने मला शिकवलं की चोराला प्रत्येक वेळी कुलूप फोडावं लागत नाही. आपण माणूस ओळखीचा म्हणून दार उघडं ठेवतो, आणि त्या दारातून आपल्यावर विश्वास टाकणाऱ्यांच्याही घरात शिरता येतं.

दुसऱ्या वर्षी त्याच शिक्षिकेच्या हळदीचं आमंत्रण आलं. हवालदाराला घेऊन गेलो. दारात आत्याबाई टोपली घेऊन बसल्या होत्या. मी ऐटीत मोबाईल पुढे केला. त्यांनी बटण दाबलं, तो सरळ उघडला. मोबाईल माझ्या हातात परत आला.

"लॉक लावा आधी, सायब. उघडा मोबाईल मी घेत नाय, मग तो पोलिसाचा का असंना."

उभ्या जन्मात मी लॉक लावलं नव्हतं. हवालदाराने हसू दाबत कुठे दाबायचं ते दाखवलं. मी आकडे टाकायला लागलो, तशी आत्याबाईंनी मान दुसरीकडे फिरवली आणि माझं होईपर्यंत मांडवाकडे बघत बसल्या.