ठिपके न पडलेले म्हातारे

"मॅडम, हे किडे म्हातारे होईनात!" सुलक्षा मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाली.

मी पाहिलं. खरंच. आमचे किडे म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर लांब, पारदर्शक. जन्म, तारुण्य, मरण, सगळं तीन आठवड्यांत आटोपतं, म्हणून वार्धक्याच्या अभ्यासाला सोयीचे. वय वाढलं की त्यांच्या पेशींतली प्रोटीनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. आम्ही लावलेल्या चमकत्या खुणेमुळे त्या ठिपक्यांसारख्या दिसतात. माणसाच्या कंपवातातही मेंदूत अशाच गुठळ्या सापडतात. ज्या प्लेटमध्ये भिरंडीचा, म्हणजे कोकमाचा अर्क घातला होता, तिथल्या म्हाताऱ्यांत ठिपके जवळपास नव्हतेच.

सुलक्षा शिरगावची, माझ्याकडे पीएचडी करणारी. तिचे बाबा लईराई देवीचे धोंड, जत्रेत व्रत धरून निखाऱ्यांवरून चालणारे. धोंडाच्या हातात वेत हवाच. कंपवातानं बाबांचा हात थरथरू लागला होता आणि यंदा वेत धरता येईल का, हीच त्यांना काळजी. पोरीनं घरी सांगितलं असावं. बाबा रोज कोकमाच्या सोलांचं पाणी पिऊ लागले.

आमचे विभागप्रमुख सर खूश. "पेपर लिहायला घ्या!"

"सर, किडे बारीकही दिसतायत," मी म्हटलं.

"म्हणजे काय?"

"तेच कळत नाही."

अर्काचा आंबटपणा मारून पाहिला. ठिपके परत आले! माझं तर डोकंच चालेना. शेवटी सुलक्षानं जुनी प्लेट उजेडात धरली. किड्यांचं अन्न म्हणजे प्लेटवर वाढवलेला बॅक्टेरियाचा थर. आंबटपणामुळे तो धड वाढलाच नव्हता. मग कोकम न घालता काही किडे नुसते अर्धपोटी ठेवले. तेही ठिपक्यांविना म्हातारे झाले. म्हणजे गुण कोकमाचा नव्हता, उपासाचा होता.

बाबांना सांगायला सुलक्षाबरोबर मीच शिरगावला गेले. जाताना फार वाईट वाटत होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"उपास केल्यार गुठळ्यो जायनात, बाय?"

"किड्यांना होत नाहीत, बाबा."

"हांव ल्हानपणासावन देवीचें व्रत धरतां. उपास म्हाका नवो न्हय. मागीर म्हजो हात कित्याक कांपता?"

मग हात का कापतो, हा त्यांचा प्रश्न मी वहीत लिहून घेतला. सुलक्षा चहाच्या निमित्तानं आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

जत्रेत बाबांनी वेत पंच्यानं मनगटाला बांधून घेतला. पेपर आम्ही लिहिला. शीर्षकात 'किड्यांमध्ये' हा शब्द ठेवायचा मी हट्टच धरला. किडा तीन आठवड्यांत उत्तर देतो, पण ते किड्याचं उत्तर असतं.