घरची पानं

परवाच्या थंडीत डोंबिवलीतल्या माझ्या गॅलरीतली नागवेल काळी पडली. जिवंत आहे का बघायला तिची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवं होतं, आणि विड्याच्या पानाचा तिखट वास बोटांना लागला.

विठ्ठलवाडीच्या घरी बाबा अंथरुणाला खिळलेले असताना तिथली वेलही अशीच करपलेली. "माझी शाल गुंडाळ तिला," ते आईला म्हणाले, "आणि काळी पानं आत्ता तोडू नकोस." आई रोज संध्याकाळी त्यांच्या पायांवरची शाल काढून वेलीला गुंडाळायची.

होळीनंतर वेल फुटली. बाबा मात्र गेले. तेराव्याला गुरुजींनी विड्याची पानं मागितली, तेव्हा आई म्हणाली, "बाजारातून नको आणायला, घरची आहेत." तिला ती खुडताना पाहून मला वेल उपटून टाकावीशी वाटलेली.

आज संध्याकाळी कपाटातून मी तीच शाल काढली.