सुक्या मच्छीचा गाळा

मी चौथी नापास. पण ट्रॉलरवर तांडेल होतो, आणि वारा कुठून फिरणार हे मला शिकवायला बंदरात कोणी आलं नाही. म्हणून आधीच सांगतो, आमच्या बिल्डिंगीत जे झालं त्यात माझी चूक नव्हती.

मिरकरवाड्याजवळ दुकानांची एक जुनी चाळ होती. तिथे बायको सुकी मच्छी विकायची. सोडे, जवळा, बोंबील. ती चाळ पाडून खाली गाळे, वर फ्लॅट आणि मध्ये सगळ्यांना बसायला चौक, असं ठरलं. नकाशा काढणारी बाई पुण्याची, पण माणसांत बसणारी. पुठ्ठ्याची बिल्डिंग मांडीवर घेऊन आमच्या पायरीवर बसली.

"आजोबा, तुम्हाला काय हवं?"

"चौकाकडे तोंड करून गाळा, आणि पुढे ओटा. माणसं बसली तर माल खपतो."

तिने अगदी तसंच दिलं. फसवलं नाही.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो, आणि आमच्या मालाचा वास आमच्याआधी वर पोचला. जुन्या चाळीतून समुद्राचा वारा आरपार जायचा. इथे चारी बाजूंनी भिंती. वास चौकातच घुमायचा आणि एकेका खिडकीतून आत शिरायचा. पुठ्ठ्याच्या बिल्डिंगीत वारा कसा दिसणार?

सोसायटीची मीटिंग लागली. चेअरमन एकेकाळी माझ्याच बोटीवर खलाशी.

"तांडेल, गाळ्याला काच लावा. माल पाकिटात भरा."

"रविवारी सुरमईसाठी जेटीवर भांडतोस, आणि सोड्यांचा वास नको होय रे तुला?"

"सुरमई माझ्या घरात शिजते, तांडेल. तुमचे सोडे माझ्या घरात राहायलाच आलेत."

सगळे हसले. मी उठून आलो. काच लावणार नाही म्हणजे नाही.

बायकोने लावली. "आगोट तोंडावर आलीय. पावसाळ्याचं लोक आत्ताच भरून ठेवणार. गाळा बंद ठेवून काय करू, तुमचा मान शिजवू?"

पहिल्याच आठवड्यात तिची एक जुनी गिऱ्हाईक आली. सोडे घेणारी बाई एखादा मोडून बघते, नाकाशी धरते, दाताखाली घालते. हिने पाकीट उलटंसुलटं केलं. "उघड की गो एक."

बायकोने काचेतून वर बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत कोणीतरी उभं होतं. तिने पाकीट उघडलं नाही. बाई ते ठेवून गेली. तशा बऱ्याच गेल्या.

आता बायको बंदराच्या फाटकाशी टोपली घेऊन उन्हात बसते. एक केकवाला गाळा भाड्याने मागतोय. "देऊन टाका," ती म्हणते. मी देत नाही. ओट्यावर रोज वरच्या मजल्यावरची माणसं गप्पा मारत बसतात. चौक छान झालाय म्हणतात.

संध्याकाळी मी तिला आणायला जातो. लिफ्टमध्ये एकदा शेजारणीने नाकाला पदर लावला, तेव्हापासून बायको जिन्याने चढते.

"लिफ्ट आपलीपण आहे," मी सांगतो.

"मग तुम्ही जा."

कठड्याला धरून ती चढू लागते. गुडघा दुखतो तिचा. टोपली मागितली तर देत नाही.