बासनातली फ्लॉपी

दुर्गाघाटावरच्या काकांना मी त्यांची पोथी गंगेत सोडायला लावली. तिची दुसरी प्रत जगात नव्हती.

काका म्हणजे माझे घरमालक, आणि त्यांच्याइतका संशयी माणूस काशीत दुसरा झाला नसेल. पंचांगातली तिथीसुद्धा ते गच्चीवर जाऊन, चंद्र बघून पडताळत. पोथी बघायला आलेल्या भल्याभल्या प्रोफेसरांना आधी 'आ' करायला लावत. तोंडात पान सापडलं की उंबऱ्यावरूनच परत. विश्वास टाकला तो नेमका माझ्यावर! मी विद्यापीठात पोथ्या संगणकावर चढवण्याच्या कामाला होतो. काकांच्या आजोबांच्या हातची ती पोथी, समासातल्या त्यांच्या टिपणांसकट, मी चार महिने टंकली. काकांनी फ्लॉपीला हळदकुंकू वाहिलं, पोथीचं तांबडं बासन तिला गुंडाळलं आणि विचारलं, "पक्कं ना रे, मास्तर?"

"काका, आता ती अमर झाली," मी म्हणालो. मग कसरीने चाळण केलेली ती जीर्ण पोथी त्यांनी रिवाजाप्रमाणे पंचगंगा घाटावर विसर्जित केली.

महिन्याने विभागात नवा संगणक आला. जुना मी मोठ्या उत्साहाने पुसून परत केला. फ्लॉपी नव्यात घातली, तर पडद्यावर नुसते कंस, टिंबं आणि उद्गारचिन्हं. फॉन्ट मी माझ्याच डोक्याने जुळवलेला. तो जुन्या संगणकाबरोबर गेला. कोणत्या खुणेमागे कोणतं अक्षर, हे मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

त्या खुणांचे छापील कागद घेऊन मी काकांपुढे उभा राहिलो. त्यांनी शांतपणे चष्मा काढून ठेवला.

"रडायचं ते नंतर रड. बैस."

डोळे मिटून ते पोथी पहिल्यापासून म्हणू लागले आणि मी एकेका खुणेखाली अक्षर लिहीत गेलो. तीन दिवसांत अक्षरांचा तक्ता पुरा झाला. पोथी काकांना पाठ होती. समासातली टिपणं मात्र नव्हती. ती मी तक्ता धरून, अडखळत वाचून दाखवली. एक होतं, 'आज धाकट्यास ताप. पाठ अपुरा राहिला.'

"धाकटा म्हणजे माझा बाप," काका म्हणाले. एवढं होऊनही त्यांनी ते पडताळून पाहिलं नाही.

काकांना जाऊन वर्ष झालं. परवा सगळी पोथी नव्या फॉन्टमध्ये आणून, तक्त्यासकट नवी फ्लॉपी मी काकूंना दिली. म्हटलं, "काकू, आता काळजी नाही."

काकूंनी ती त्याच बासनात गुंडाळली. "मागेही हेच म्हणाला होतास. तेव्हा हे होते. तुला काय पाठ आहे?"