चहाआधीचा अध्याय

आतेभाऊ शमूचा फोन आला तेव्हा मी नगरच्या स्टँडवर होते. "आई गेली," एवढंच बोलला... शांताआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. घोडेगावात नात्याचे, बिननात्याचे सगळे तिला आत्याच म्हणत. आता काही आठवडे उलटलेत, आणि तिच्याबद्दल लिहायला बसले तर रडू येण्याआधी अभिमानच वाटतो.

आत्याच्या घरात सकाळचा चहा बायबलच्या आधी कुणालाही मिळत नसे. आधण उकळतंय आणि आत्या मोठ्यानं अध्याय वाचतेय. आवडीचं निवडून वाचणं तिला मान्य नव्हतं. काल जिथं थांबलो, तिथून पुढं. लांबलचक वंशावळी आल्या की आम्ही भाचरं चुळबुळ करायचो, पण ती एक नाव गाळत नसे. हट्टी होतीच बाई. तिच्या मुलाचा, शमूचा, जनावरं वाहायचा टेम्पो. बाजाराच्या दिवशी तो उजाडायच्या आत निघायचा, तर ही पुस्तक घेऊन टेम्पोपाशी हजर. म्हैस अर्धी फळीवर, आणि जे कधी चर्चची पायरी चढले नाहीत असे शेतकरी एकमेकांना सांगायचे, "थांबा वाईच, आत्याचं वाचून हुंद्या."

मग काचबिंदूनं तिची नजर गेली. आंधळेपणाचं तिला फारसं काही वाटलं नाही. धास्ती एकच, आपल्या मागं या घरातलं वाचन बंद पडेल. शमूनं शाळा अर्ध्यात सोडलेली, पुस्तकाच्या वाऱ्याला तो उभा राहत नसे. त्यानं मोबाईलवर बायबल लावून दिलं, अगदी झकास आवाजातलं. आत्यानं काही दिवस निमूट ऐकलं आणि मग म्हणाली, "मानूस लई चांगला वाचतो रं. पन त्यो आपल्या घरातला न्हाई."

दुसऱ्या दिवशी शमू स्वतः वाचायला बसला. ओळीवर बोट धरून, घाम पुसत... तोवर चहाचा पार काढा व्हायचा. आत्या त्याला टोकत नसे, घाईही करत नसे. त्याच्याकडे तोंड करून बसायची, आणि तिचा चेहरा बघत राहावा असा असायचा.

माती दिल्याच्या दुसऱ्या सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. पाळकसाहेबांनी सांत्वनाचं एखादं स्तोत्र सुचवलं. शमूनं त्यांना हात जोडले. आईबरोबर वाचत होतो त्याच्या पुढचाच अध्याय घेतो, म्हणाला. तो निघाला बायबलातल्या जुन्या मंदिराच्या बांधकामाचा: इतके हात लांबी, इतके हात रुंदी. दुःखाच्या घरात हे काय वाचायचं, म्हणून पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. एका शब्दाला शमू अडखळला. सवयीनं त्यानं आत्याच्या जागेकडे पाहिलं आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. अध्याय संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"उद्या ज्याला ऱ्हायचं त्यानं ऱ्हावं," पुस्तक मिटत तो म्हणाला. "मी हितनं फुडं वाचनार हाय."